जुन्या मोटारसायकलींमधील गिअर बदल

जुन्या मोटारसायकलींमधील गिअर बदल म्हणजे साधारणपणे १९५० ते १९९० या काळात भारतीय रस्त्यांवर रूढ असलेल्या मोटारसायकलींचा (बोलीभाषेत फटफटी) गिअर योग्य क्षणी वर चढविण्याची वा खाली उतरविण्याची क्रिया होय. या गाड्यांपैकी बहुतेकांना इंजिनाचे फेरे दाखविणारे मापक नव्हते आणि कोणता गिअर पडला आहे हे दर्शविणारा दिवाही नव्हता. त्यामुळे गिअर केव्हा बदलावा याचा निर्णय इंजिनाचा आवाज, हँडल व पायदानात जाणवणारी थरथर, चढाव आणि पाठीवरचे ओझे यांवरून घ्यावा लागतो. मराठवाड्यात, विशेषतः हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात असलेल्या शिरड शहापूरसारख्या मोठ्या गावांत, बुलेट, राजदूत आणि येझदी या तीन गाड्यांमुळे हे ज्ञान घराघरांत पोहोचले. तिन्ही गाड्यांची गिअरची रचना एकमेकींहून भिन्न असल्याने एका गाडीवर मुरलेला चालक दुसरीवर नवशिका ठरतो.

संज्ञा

जुन्या गाडीला सरसकट 'व्हिंटेज' म्हणण्याचा प्रघात असला, तरी भारतात या शब्दाला कायदेशीर अर्थ आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या सुधारणेनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज मोटार वाहन' ठरते. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही.

गावोगावी आजही दूध, कडबा नि माणसे वाहणाऱ्या बहुसंख्य जुन्या गाड्या या व्याख्येत बसत नाहीत. त्या साध्या नोंदणीवरच चालतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला; त्यामुळे या भागातील १९९० च्या दशकातील गाड्यांवर परभणीचा 'एमएच २२' आणि त्यानंतरच्या गाड्यांवर हिंगोलीचा 'एमएच ३८' हा क्रमांक दिसतो. गाडीचे वय ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे. प्रस्तुत लेखात 'जुनी मोटारसायकल' हा शब्द कायदेशीर नव्हे, तर व्यावहारिक अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या मोटारसायकलींत गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीशेजारी असे आणि तो हाताने सरकवावा लागे. एका खटक्याला एकच गिअर बदलणारी पायाची रचना १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील व्हेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस यांनी विकसित केली आणि काही वर्षांतच ती सर्वत्र रूढ झाली. ब्रिटिश कारखान्यांनी हा दांडा प्रायः उजव्या बाजूस ठेवला आणि मागचा ब्रेक डाव्या बाजूस. युरोपातील अन्य काही देशांत व पुढे जपानमध्ये डाव्या बाजूचा गिअर प्रचलित झाला. अमेरिकेने १९७४ पासून नव्या मोटारसायकलींना डावा गिअर अनिवार्य केला, तेव्हा जगभरच्या कारखान्यांनी तीच पद्धत स्वीकारली.

भारतात मात्र ब्रिटिश पद्धत दीर्घकाळ टिकली. मद्रास मोटर्सने रेडिच येथील रॉयल एनफिल्डच्या सहकार्याने १९५५ मध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना केली आणि बुलेट ३५० ची जुळणी येथे सुरू झाली. मूळ ब्रिटिश कंपनी बंद पडल्यावरही मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथील कारखान्यात हीच गाडी, याच गिअरबॉक्ससह, अनेक दशके बनत राहिली. डाव्या बाजूचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स बुलेटमध्ये आला तो एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी. परिणामी भारतात उजव्या गिअरची बुलेट ही संग्रहालयातील वस्तू नसून अनेक घरांच्या ओसरीत उभी असलेली गाडी आहे.

जावाची कथा मुंबईशी निगडित आहे. चेकोस्लोव्हाकियातील जावा मोटारसायकलींची आयात करणाऱ्या मुंबईतील इराणी कुटुंबाने म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना उभारला. तेथे १९६१ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७० च्या दशकात गाडीचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवर आधारलेली होती. दूधवाल्यांची गाडी म्हणून तिची ख्याती झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

गिअर बदलण्याची गरज

अंतर्ज्वलन इंजिनाला शून्य फेऱ्यांवर ताकद नसते. ठरावीक फेऱ्यांच्या खाली ते बंद पडते आणि ठरावीक फेऱ्यांच्या वर त्याची ओढ कमी होऊन झीज वाढते. या दोन मर्यादांमध्ये इंजिन ठेवणे हे गिअरचे काम आहे. पहिल्या गिअरात इंजिनाचे अनेक फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. त्यामुळे ओढ जास्त आणि वेग कमी मिळतो. टॉप गिअरात हे प्रमाण उलट झुकते.

चार गिअरांच्या बुलेटमध्ये गिअरबॉक्सची प्रमाणे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत अनुक्रमे २.७८, १.८४, १.३६ आणि १ अशी आहेत. या चार आकड्यांतच गिअर बदलण्याचे अर्धे शास्त्र सामावले आहे. पहिल्यावरून दुसरा टाकताना, गाडीचा वेग तोच राहिला तर इंजिनाचे फेरे १.८४ भागिले २.७८ म्हणजे मूळच्या ६६ टक्क्यांवर येतात. दुसऱ्यावरून तिसरा आणि तिसऱ्यावरून चौथा टाकताना ते सुमारे ७४ टक्क्यांवर येतात. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील दरी सर्वांत रुंद आहे. बुलेट पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना झटका देते आणि पुढे मात्र लोण्यासारखी चालते, असा जो सार्वत्रिक अनुभव आहे त्याचे कारण हेच. क्लच खराब असल्याची शंका घेऊन गाडी मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी हा भागाकार ध्यानात घेणे हिताचे ठरते.

या गिअरबॉक्समध्ये सर्व चक्रांचे दाते सतत एकमेकांत अडकलेले असतात. गिअर टाकताना प्रत्यक्षात चक्राच्या बाजूवरील जाड खुंट्या शेजारच्या चक्राच्या खाचांत शिरतात. दोन्ही चक्रांच्या गतीत फरक जास्त असेल तर खुंट्या खाचांवर आपटतात आणि 'खट्ट' असा आवाज येतो. गती जुळली असेल तर गिअर जवळजवळ निःशब्द पडतो. म्हणून 'केव्हा' हा प्रश्न वेगाइतकाच, गती जुळण्याच्या त्या अर्ध्या सेकंदाशीही संबंधित आहे.

खटक्यांचा क्रम

उजव्या गिअरच्या बुलेटमध्ये पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली असतात. न्यूट्रल पहिल्या व दुसऱ्याच्या मध्ये असते. पायाच्या पुढच्या भागाने दांडा वर उचलला की पहिला गिअर पडतो. त्यानंतर प्रत्येक वेळी खाली दाबले की दुसरा, तिसरा, चौथा. दांड्याशेजारी टाचेने दाबायचा एक आखूड दांडा असतो. तो न्यूट्रल शोधण्यासाठी आहे. क्लच दाबून हा दांडा टाचेने पूर्ण खाली नेला की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरवरून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. मधले खटके मोजावे लागत नाहीत. पहिल्या गिअरवरून मात्र तो उपयोगी पडत नाही. फाटकापाशी किंवा चौकात टॉप गिअरात थांबलेल्या बुलेटला एका टाचेत न्यूट्रल करणे हे या गाडीचे खास सुख आहे, आणि नंतरच्या अधिक सुधारित गाड्यांत ते मिळत नाही.

जावा व येझदीत किक आणि गिअर यांसाठी डाव्या बाजूस एकच दांडा असतो. उभ्या स्थितीत तो किक असतो. गाडी चालू झाल्यावर तो पुढे वळविला की गिअरचा दांडा होतो. याच दांड्याची हालचाल क्लचलाही जोडलेली असल्याने पायाने दांडा दाबताच क्लच आपोआप सुटू लागतो. त्यामुळे गाडी चालू असताना हाताचा क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. क्लचची वायर तुटली तरी येझदी घरी पोहोचते, ही ख्याती या रचनेमुळेच आहे. परंतु पाय दांड्यावर टेकवून गाडी चालविण्याची सवय येथे महागात पडते. क्लच किंचित सुटलेला राहून त्याच्या प्लेट जळतात.

राजदूत १७५ ला तीनच गिअर असत. गिअर कमी असल्याने प्रत्येक दोन गिअरांमधील अंतर मोठे, आणि म्हणून तिच्यावर प्रत्येक गिअर थोडा अधिक ताणूनच पुढचा टाकावा लागे. याउलट त्याच कंपनीने १९८३ पासून काढलेल्या राजदूत ३५० ला सहा गिअर आणि दोन सिलिंडर होते; ती गाडी जास्त फेऱ्यांवरच रंगात येई. बजाज एम-८० मध्ये गिअर हातात होता आणि लूनाला गिअरच नव्हता. लूनावरून थेट बुलेटवर बसलेल्या तरुणांच्या फजितीचे किस्से प्रत्येक गावात सापडतात.

आवाजावरून निर्णय

बुलेटचे इंजिन चार स्ट्रोकचे व एका सिलिंडरचे आहे. म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. मिनिटाला १,२०० फेरे असतील तर सेकंदाला १० ठोके पडतात, १,८०० फेऱ्यांना १५ आणि २,६०० फेऱ्यांना जवळपास २२. मानवी कानाला दहा-बारा ठोके सुटेसुटे ऐकू येतात. विसाच्या पुढे ते एकमेकांत मिसळू लागतात. बुलेटवाले ज्याला 'डुगडुग' म्हणतात ती अवस्था आणि ज्याला 'गाडी मोकळी झाली' म्हणतात ती अवस्था यांतील सीमा येथेच कुठेतरी आहे. फेरे मोजणारे मापक नसलेल्या गाडीत कान हाच मापक होतो, तो असा.

वरचा गिअर टाकण्याचा क्षण ठोके मिसळून आवाज सलग होऊ लागल्यावर आणि हँडलची थरथर वाढण्यापूर्वी येतो. थरथर बोटांच्या टोकांना मुंग्या आणू लागली, तर तो क्षण निघून गेला असे समजावे. गिअर टाकल्यावर रेस दिली असता गाडीने विनातक्रार ओढ घेतली तर निर्णय बरोबर होता. ठोके पुन्हा सुटे पडले, टाकी व चेनकव्हर थडथडू लागले आणि रेस वाढवूनही वेग वाढेना, तर गिअर लवकर पडला.

या दुसऱ्या चुकीबद्दल अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ती शानीची समजली जाते. टॉप गिअरात ताशी २०-२५ किलोमीटर वेगाने डुगडुगत जाणारी बुलेट ही ग्रामीण रुबाबाची ठरलेली प्रतिमा आहे. सपाट रस्त्यावर, हलक्या हाताने, क्षणभर हे चालते. पण त्या अवस्थेत रेस पिळली की पिस्टनवर मोठा दाब येतो आणि तो दाब सहन करणारी कनेक्टिंग रॉडची खालची बेअरिंग त्यावेळी सर्वांत दुबळ्या स्थितीत असते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तेथे गोळ्यांची बेअरिंग नसून तरंगता बुश आहे. तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेलाचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो. फेरे कमी तर तेलही कमी. म्हणजे ज्या क्षणी बुशला तेलाची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी पुरवठा सर्वांत कमी. अशा गाडीतून काही काळाने खालून दबका 'ठक ठक' आवाज येऊ लागतो आणि मग इंजिन खोलण्यावाचून मार्ग उरत नाही. जास्त फेऱ्यांवर ताणलेल्या बुलेटपेक्षा कमी फेऱ्यांवर रेटलेल्या बुलेटची इंजिने अधिक खोलावी लागतात, हे मत अनुभवी मिस्त्री मांडतात आणि रचनेचा विचार करता ते पटण्याजोगे आहे.

याहून वेगळा एक आवाज म्हणजे नॉकिंग, ज्याला मिस्त्री 'इंजिन ठोकते' म्हणतात. चढावर उंच गिअरात रेस दिली असता डब्यात खडे हलविल्यासारखा किणकिणाट ऐकू येतो. इंधन योग्य क्षणापूर्वी वा अनियंत्रितपणे पेटल्याची ती खूण असते. टायमिंग पुढे गेले असणे किंवा सिलिंडरमध्ये काजळी साचलेली असणे ही त्याची कारणे असू शकतात. परंतु तत्काळ उपाय एकच, रेस कमी करून खालचा गिअर टाकणे.

टू-स्ट्रोक गाड्यांचा कान वेगळा घडवावा लागतो. जावा, येझदी वा राजदूतमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. ३,००० फेऱ्यांना सेकंदाला ५० ठोके पडतात आणि ते सुटे ऐकूच येत नाहीत. येथे ठोके नव्हे तर सूर ऐकायचा असतो. अर्धवट रेसवर इंजिन एकाआड एक फेरा चुकवत अडखळत चालते. ओझे पडून रेस उघडली की सूर एकदम स्वच्छ होतो. तो स्वच्छ झाल्यावर गाडीला थोडे धावू द्यावे आणि सूर चढून कर्कश होण्याआधी पुढचा गिअर टाकावा. टू-स्ट्रोक गाडी कमी फेऱ्यांवर बुलेटसारखी रेटत नाही. ती सरळ मान टाकते.

वेगाचे ढोबळ प्रमाण

स्पीडोमीटर चालू असेल (जुन्या गाडीत हे गृहीत धरता येत नाही) तर वेगावरूनही अंदाज बांधता येतो. प्रायमरी चेनचे प्रमाण सुमारे २.२४, पुढचे चक्र १६ दात्यांचे, मागचे ३८ दात्यांचे आणि १९ इंची चाके असलेली बुलेट ३५० घेतल्यास टॉप गिअरात ताशी ६० किलोमीटरला इंजिनाचे सुमारे २,६०० फेरे होतात. याच हिशेबाने पहिल्या गिअरात ताशी २० ला सुमारे २,४०० फेरे भरतात. तेथे दुसरा टाकला की ते १,६०० वर येतात. दुसऱ्यात ताशी ३० ला पुन्हा २,४०० होतात आणि तिसरा टाकल्यावर १,८०० च्या आसपास राहतात. तिसऱ्यात ताशी ४५ ला सुमारे २,७०० होतात व चौथ्यात ते २,००० च्या जवळ येतात. म्हणजे २०, ३० आणि ४५ हे सपाट रस्त्यावरील, एकट्या चालकासाठीचे साधारण टप्पे होत.

हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. मागे माणूस बसला, समोरून वारा आला किंवा रस्ता चढू लागला की प्रत्येक टप्पा पाच-सात किलोमीटरने पुढे ढकलावा लागतो. पुढचे चक्र बदललेल्या गाडीत तर ते सर्वस्वी बदलतात.

हाताचा आणि पायाचा मेळ

आधुनिक गाडीत गिअर झटकन टाकता येतो. जुन्या बुलेटमध्ये तसे करू नये. तिच्या इंजिनाचे फ्लायव्हील जड आहे. रेस सोडली तरी फेरे हळूहळू उतरतात. त्यामुळे वरचा गिअर टाकताना रेस बंद करणे, क्लच दाबणे, दांडा हलका दाबून क्षणभर थांबणे, खटका पूर्ण बसला की क्लच सोडणे आणि मग रेस देणे असा क्रम संथपणे पार पाडावा लागतो. हा मधला क्षण म्हणजे फेरे ६६ किंवा ७४ टक्क्यांपर्यंत उतरण्यासाठी लागणारा वेळ होय. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना तो सर्वांत लांब असतो, हे वरील भागाकारावरून स्पष्ट होते.

खालचा गिअर टाकताना नेमके उलट घडते. चौथ्यावरून तिसऱ्यात येताना फेरे १.३६ पट आणि दुसऱ्यावरून पहिल्यात येताना सुमारे दीडपट वाढायला हवेत. क्लच दाबलेला असताना रेसला हलकी उसळी दिली, तर फेरे वर जातात आणि गिअर न आपटता पडतो. ही उसळी न देता क्लच एकदम सोडल्यास मागचे चाक क्षणभर अडते. ओल्या रस्त्यावर तेवढ्याने गाडी आडवी होऊ शकते.

खटका अर्धवट बसला तर गाडी दोन गिअरांच्या मध्येच मोकळी होते. रेस दिल्यावर इंजिन ओरडते, पण गाडी पुढे जात नाही. ही अवस्था बुलेटच्या चार गिअरांच्या बॉक्समध्ये वारंवार आढळते. अशा वेळी घाबरून दांडा पुन्हा हाणण्याऐवजी रेस सोडून, क्लच दाबून तो सावकाश पुन्हा दाबावा. हे नेहमीच होऊ लागले तर दोष पायाचा नसून खटक्याच्या पट्टीचा असतो. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या झाकणाखाली तिची जागा किंचित सरकवून तो दूर करता येतो.

सकाळच्या पहिल्या गिअरचा 'खट्ट' आवाज मात्र वेगळ्या कारणाने येतो. रात्रभर उभ्या गाडीतील क्लचच्या प्लेट तेलामुळे एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाडी चालू करण्यापूर्वी क्लच दाबून दोन-तीन वेळा किक मारली की त्या सुटतात. जुने चालक हे न चुकता करीत.

खालचा गिअर टाकण्याची वेळ

वरच्या गिअरपेक्षा खालच्या गिअरची वेळ चुकणे अधिक घातक ठरते. जुन्या गाड्यांचे ड्रम ब्रेक, विशेषतः पावसात, आजच्या डिस्क ब्रेकच्या मानाने दुबळे आहेत. उतारावर, वळणावर किंवा गावाच्या वेशीपाशी वेग रोखण्याचे निम्मे काम इंजिनाकडून करून घ्यावे लागते. ज्या गिअरात चढ चढावा त्याच गिअरात तो उतरावा, हा घाटांतील चालकांचा परिपाठ चारचाकीइतकाच येथेही लागू पडतो.

चढावर खालचा गिअर गाडीने मान टाकल्यानंतर नव्हे, तर ओढ कमी होऊ लागताच टाकावा. उशीर झाला तर वेग इतका घटतो की तिसराही पुरत नाही आणि ऐन चढावर दोन गिअर उतरवावे लागतात.

टू-स्ट्रोक गाड्यांबाबत येथे एक गंभीर धोका आहे. जावा, येझदी व राजदूतमध्ये इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधून. लांब उतारावर रेस पूर्ण बंद करून खालच्या गिअरात गाडी उतरवली, तर इंजिनाचे फेरे जास्त असतात. पण पेट्रोल आत जात नसल्याने ऑइलही जात नाही. पिस्टन कोरडा फिरून सिलिंडरला धरतो, म्हणजे इंजिन 'सीझ' होते आणि मागचे चाक जागच्या जागी अडते. म्हणून अशा गाडीवर उतारात अधूनमधून रेस उघडून इंजिनाला घोट पाजावा लागतो, किंवा क्लच दाबून ब्रेकवर उतरावे लागते. बुलेटमध्ये तेलाचा पंप स्वतंत्र असल्याने तिला हा धोका नाही. बुलेट चालवीत आलेल्या माणसाने पहिल्यांदा येझदी घेऊन घाट उतरण्यापूर्वी हा फरक जाणून घेणे अत्यावश्यक आहे.

शिरड शहापूर परिसर

मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे परिचित असलेले शिरड शहापूर हे औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर आहे. वसमतकडे पूर्णा सहकारी साखर कारखाना व हळदीची बाजारपेठ, तर औंढ्याला ज्योतिर्लिंग मानले जाणारे नागनाथाचे मंदिर असल्याने या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हळदीची वाहने आणि श्रावण व महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी असते. मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की मोकळा वेग क्वचित मिळतो आणि तिसरा गिअर सर्वाधिक वापरात राहतो.

उसाच्या भरलेल्या ट्रॉलीमागे ताशी २०-२५ वेगाने बराच वेळ जावे लागते. येथे चालक टॉप गिअरात रेटत राहतो, आणि वर वर्णिलेली बुशची झीज घडते ती प्रामुख्याने अशाच वेळी. ट्रॉलीच्या मागे असतानाच दुसरा गिअर टाकून ठेवणे योग्य; पुढचा रस्ता मोकळा दिसताच त्याच गिअरात ओढ मिळते आणि ओलांडणे थोडक्यात आटोपते. ओलांडायला निघाल्यावर, ट्रॉलीच्या मध्यावर येऊन गिअर बदलणे सर्वांत वाईट. जुन्या गाडीत त्या संथ खटक्याला लागणारा वेळ समोरून येणाऱ्या वाहनाला माहीत नसतो.

पावसाळ्यात शेतवाटांवर काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांमध्ये भरतो. तेथे पहिल्या गिअरची ओढ चाकाला जागीच फिरवते. त्यामुळे पाय ठेवण्याइतका वेग मिळताच दुसरा टाकून, रेस एकसारखी ठेवून जावे लागते. चिखलात मध्येच गिअर बदलला की गाडी रुतते. दुधाचे कॅन लादलेल्या राजदूतवाल्यांना हे कोणी शिकविले नव्हते. दोन्ही बाजूंना कॅन लटकत असताना झटका बसला तर दूध सांडते, म्हणून त्यांचा क्लच आपोआप हलका झाला.

दोन पद्धतींमधील गल्लत

एकाच घरात उजव्या गिअरची जुनी बुलेट आणि डाव्या गिअरची नवी गाडी असणे आता सामान्य आहे. यातून उद्भवणारा धोका केवळ गैरसोयीचा नाही. नव्या गाडीत उजव्या पायाखाली मागचा ब्रेक असतो. अचानक गुरे आडवी आली की पाय विचार न करता खाली दाबला जातो. जुन्या बुलेटवर तीच क्रिया घडली तर ब्रेक लागण्याऐवजी गाडी पुढच्या, म्हणजे वरच्या गिअरात जाते. वेग रोखणारी इंजिनाची पकडही सैल होते. उलट, गिअर बदलण्यासाठी डावा पाय दाबला तर मागचा ब्रेक करकचून लागतो.

याशिवाय खटक्यांची दिशाही एकसारखी नाही. बुलेटमध्ये पहिला वर आणि बाकीचे खाली. यामाहा आरएक्स १०० सारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. तर १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० मध्ये सर्व गिअर एकाच दिशेने. सीडी १०० च्या वंशातील गाड्या ग्रामीण भागात सर्वाधिक पसरल्याने आजच्या बहुतेक चालकांचे पाय त्याच क्रमाला सरावलेले आहेत.

अदलाबदल करणाऱ्या चालकांनी गाडीवर बसल्यावर, इंजिन बंद असताना, दोन्ही पायांनी गिअर व ब्रेक एकदा चाचपून पाहण्याची पद्धत उपयुक्त आहे. जुन्या बुलेटवर पहिले काही किलोमीटर पुढच्या ब्रेकवर बोटे ठेवून चालवावे. कारण पुढचा ब्रेक दोन्ही पद्धतींत उजव्या हातातच राहिला आहे.

देखभालीचा संबंध

गिअर वेळेवर बदलूनही नीट पडत नसेल, तर कारण बहुधा क्लचच्या वायरमध्ये असते. वायर ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. न्यूट्रल सापडत नाही आणि प्रत्येक गिअर आपटून पडतो. वायर अतिताठ असेल तर क्लच घसरतो. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, आणि आवाजावर विसंबणारा चालक गिअर चुकीच्या क्षणी टाकू लागतो. दांड्याला किंचित मोकळी खेळ ठेवून वायर जुळविली की हे दोन्ही दोष टळतात. चेन सैल असेल तर प्रत्येक गिअरला मागून धक्का जाणवतो. चार गिअरांच्या बुलेटच्या गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीस भरण्याची पद्धत होती. ते गळून कमी झाले की खटके कोरडे व जड होतात, आणि थंडीत त्यांचा जडपणा विशेष जाणवतो. गाडी पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत तापेपर्यंत गिअर कमी वेगाला बदलावेत, पण कोणत्याही गिअरात रेटू नये.